जुन्या थिंकपॅडचा मदरबोर्ड घरी बदलताना: टी४३० खोलून पुन्हा उभा करण्याची कृती

जुलैमधल्या एका संध्याकाळी बॅगेची चेन अर्धवट उघडी राहिली आणि स्वारगेटपासून घरापर्यंतच्या पावसात आतला लॅपटॉप भिजला. घरी आल्या आल्या "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबलं आणि तिथेच मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, गेला. तेव्हाच बॅटरी काढून दोन दिवस थांबलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ बहुधा आली नसती.

मशीन होतं लेनोवोचं थिंकपॅड टी४३०, २०१२ सालचं मॉडेल. इतक्या जुन्या यंत्रावर वेळ घालवावा का, असं घरच्यांनी विचारलंच. पण हे मॉडेल दुरुस्तीसाठी सरळ आहे. बॅटरी बाहेरून खटका सरकवून निघते, रॅमसाठी, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांसाठी, खाली झाकण आहे, आणि आजच्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ दिसतच नाही अशी गोष्ट म्हणजे प्रोसेसर (गणना करणारी मुख्य चिप) सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या बैठकीत, बसतो. म्हणजे बोर्ड मेला तरी प्रोसेसर काढून नव्या बोर्डावर बसवता येतो. शिवाय कंपनीचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कुणालाही मोफत उतरवून घेता येतं. त्यात कुठला भाग कशानंतर निघतो आणि प्रत्येक ठिकाणी किती लांबीचा स्क्रू लागतो, हे चित्रांसकट दिलेलं आहे. ते आधी उतरवून घ्या. हा लेख त्या मॅन्युअलच्या जोडीने वाचायचा आहे, त्याच्याऐवजी नाही.

खरंच बोर्डच गेलाय का?

दुकानात "साहेब, बोर्ड गेला" हे निदान फार लवकर होतं. घरी अर्धा तास दिला तर पैसे वाचू शकतात.

पहिला संशय चार्जरवर घ्या. टी४३०ला २० व्होल्टचा चार्जर लागतो. मल्टीमीटरने मोजताना मधल्या बारीक टाचणीवर २० व्होल्ट शोधू नका. ती टाचणी चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला सांगण्यासाठी असते. नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतीमध्ये मोजा. व्होल्टेज बरोबर असेल तर बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून पाहा.

तरीही काही नाही? हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढा. रॅमच्या दोनपैकी एकच पट्टी ठेवा, मग तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असं असेल तर व्हीजीए या मॉनिटरच्या जुन्या प्रकारच्या जोडणीने बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे आणि दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. चार्जर हलवल्यावर दिवा मिचमिचत असेल, तर चार्जिंगचा जॅक तपासा. हे सगळं करूनही यंत्र दगडासारखं पडून राहिलं, तर बोर्डाकडे वळायचं.

बोर्ड निवडणं हेच मुख्य काम

स्क्रू फिरवणं कुणालाही जमतं. हे काम फसतं ते बोर्ड विकत घेताना. मीही पहिल्यांदा फसलो, ते पुढे सांगतो.

टी४३०चे बोर्ड मुख्यतः दोन जातींचे. एकात ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) फक्त प्रोसेसरमधलं, इंटेल एचडी ४०००. दुसऱ्यात त्याच्या जोडीला एनव्हीडियाची एनव्हीएस ५४००एम ही वेगळी चिप. दोन्हींचे हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारे धातूचे भाग, वेगळे असतात. एनव्हीडियावाल्या हीटसिंकला त्या चिपसाठी आणखी एक धातूची पट्टी असते. साध्या मशीनचा हीटसिंक एनव्हीडियावाल्या बोर्डावर लावलात, तर ती चिप उघडी पडते आणि तापून जाते. तेव्हा तुमच्याकडे ज्या जातीचा बोर्ड आहे त्याच जातीचा घ्या. "एनव्हीडियावाला जास्त भारी आहे, त्याच भावात देतो" या मोहात पडू नका. नावावरूनही गफलत होते. टी४३०एस आणि टी४३०यू ही वेगळी, सडपातळ मशीन्स आहेत आणि त्यांचे बोर्ड यात बसत नाहीत. बोर्डावरच्या लेबलवर एफआरयू क्रमांक, म्हणजे कंपनीचा सुट्या भागाचा क्रमांक, असतो, तो तुमच्या जुन्या बोर्डाच्या लेबलशी आणि मॅन्युअलमधल्या यादीशी ताडून पाहा.

आता माझी फजिती. एका दुकानातून स्वच्छ, चकचकीत बोर्ड आणला. बसवला, चालू झाला, आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जायला गेलो तर पासवर्ड मागितला. थिंकपॅडमध्ये सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्याच एका चिपमध्ये साठवलेला असतो. बोर्डाचं घड्याळ चालू ठेवणारा गोल सेल काढून ठेवला, रात्रभर वाट पाहिली, तरी तो जात नाही. हा पासवर्ड विसरला तर बोर्ड बदला, असंच कंपनीचं मॅन्युअल सांगतं. म्हणजे मी बोर्ड बदलण्यासाठी जो बोर्ड आणला होता, तोच बदलायची पाळी आली. दुकानदाराने परत घेतला, पण कुरकुरत.

म्हणून जुना बोर्ड घेताना तो तुमच्यासमोर चालू करून बायॉसमध्ये नेऊन दाखवायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर तसा व्हिडिओ मागा. सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर पासवर्डपुढे 'डिसेबल्ड' दिसलं पाहिजे. त्याच पानावर काँप्युट्रेस नावाची चोरीविरोधी सोय असते, ती कायमची चालू करून ठेवलेली नाही ना, हेही पाहा. मोठ्या कंपन्यांतून भंगारात निघालेल्या मशीन्सच्या बोर्डांवर या दोन्ही गोष्टी राहून गेलेल्या असू शकतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्लीचा परिसर, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एसपी रोड, ही शोधाशोधीची ठिकाणं. माझं मत विचाराल तर नुसता बोर्ड शोधण्यापेक्षा पडदा फुटलेलं पण चालू असलेलं अख्खं टी४३० मिळतंय का ते आधी पाहा. व्हीजीएला मॉनिटर लावून ते जागेवर तपासता येतं, आणि बोर्डासोबत पंखा, रॅम, कीबोर्ड, बिजागऱ्या असा सुट्या भागांचा साठाही घरी येतो. माझा दुसरा बोर्ड असाच आला.

खोलण्याआधी

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि डेटाची प्रत घ्या. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, कुलूपबंद असेल तर जरा थांबा. त्या कुलपाची किल्ली साधारणपणे बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड बदलला की टीपीएम बदलला, आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागणार. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, पेन ड्राइव्हवर किंवा छापलेल्या कागदावर असेल. ऑफिसचं मशीन असेल तर आयटी विभागाकडे. ती हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अवजारं फार नाहीत. फिलिप्स शून्य आणि एक नंबरचे चांगल्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर, प्रोसेसरच्या कुलपासाठी एक छोटा चपट्या टोकाचा, प्लास्टिकची पट्टी (जुनं एटीएम कार्डही चालतं), बारीक चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, न झडणारं कापड आणि थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप. रस्त्यावर मिळणारा सगळं-एकात संच टाळा. त्याची टोकं मऊ असतात आणि पहिल्याच घट्ट स्क्रूची खाच गोल करून ठेवतात.

स्क्रूंसाठी मी इडलीपात्राच्या थाळ्या घेतो. प्रत्येक खळग्यात एका टप्प्याचे स्क्रू, आणि खळग्यात चिठ्ठी: "तळ, झाकण", "हाताचा टेका", "पंखा". हा हौशीचा भाग वाटेल, पण लॅपटॉपमध्ये चुकीच्या जागी गेलेला लांब स्क्रू बोर्डात किंवा कीबोर्डच्या पाठीत घुसतो आणि तुमचा नवा बोर्ड तुम्हीच मारता. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. केबलचा मार्ग दिसेल असा एक लांबून, कनेक्टर दिसेल असा एक जवळून.

स्थिर विजेबद्दल एक सल्ला नेहमी ऐकू येतो: नळाला हात लावा. आता घराघरांत पाइप प्लास्टिकचे आहेत, त्या नळाला हात लावून उपयोग नाही. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा घ्या, स्वस्त असतो. त्याचा चिमटा लॅपटॉपच्या धातूच्या सांगाड्याला लावा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने ठिणगीचा धोका कमी असतो. जानेवारीत स्वेटर घालून, सतरंजीवर मांडी ठोकून हे काम करू नये. गादीवर तर नाहीच.

खोलायला सुरुवात

चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निचरू द्या. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत लावायचीच नाही.

लॅपटॉप पालथा करा. बाजूने डीव्हीडी ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क काढा. तळाचं झाकण उघडा. त्याचे स्क्रू सैल होतात पण झाकणातच अडकून राहतात, ते ओढत बसू नका. आतली रॅम काढा: दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी तिरकी वर येते.

तळावर स्क्रूंच्या शेजारी बारीक चित्रं कोरलेली आहेत. कीबोर्डचं चित्र असलेले स्क्रू कीबोर्ड धरून ठेवतात. ते काढून मशीन सरळ करा, पडदा उघडा, कीबोर्ड पडद्याच्या दिशेने किंचित सरकवा आणि पुढची कड उचला. पूर्ण उचलू नका! खाली कीबोर्डची केबल बोर्डाला जोडलेली असते. कीबोर्ड पालथा घालून आधी कनेक्टर सोडवा.

पुढे हाताचा टेका, म्हणजे टचपॅड असलेला भाग. तळाचे उरलेले संबंधित स्क्रू काढून, कडेने प्लास्टिकची पट्टी फिरवत खिट्ट्या सोडवा. टक-टक आवाज येतो, घाबरू नका. पण जिथे जोर लावूनही हलत नाही, तिथे एखादा स्क्रू राहिलाय हे समजा. लॅपटॉप मोडतात ते याच क्षणी, "थोडंसं अजून ओढू" म्हणताना. टेक्याखालूनही केबल जाते, तीही आधी सोडवा.

आता वायफाय कार्ड दिसेल. त्यावरच्या अँटेनाच्या बारीक तारा सरळ वर उचलायच्या, आडव्या ओढायच्या नाहीत. कुठली तार कुठे होती त्याचा फोटो घ्या. दोन तारांनी जोडलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोल सेल दिसला की त्याचा कनेक्टरही काढा. तो सीआर२०३२ असतो आणि इतक्या वर्षांत बहुधा संपलेला. नवा घालायची हीच वेळ.

कनेक्टरबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. चपट्या पट्टीसारख्या केबलला बहुतेक वेळा एक बारीक कुलूप असतं. काहींचं दारासारखं वर उघडतं, काहींचं ड्रॉवरसारखं पुढे सरकतं. ते नखाने उघडल्यावर पट्टी आपोआप सुटते. पट्टी अडली तर कुलूप उघडलेलं नाही. तारांच्या जुडग्याचे कनेक्टर मात्र तारा धरून ओढू नका. प्लास्टिकचं डोकंच दोन्ही कडांनी आळीपाळीने ढकलत बाहेर काढा.

मग पंखा आणि हीटसिंक. हा एकच भाग असतो. पंख्याचा कनेक्टर आधी काढा. हीटसिंकचे स्क्रू एकेक करून पूर्ण काढू नका. कर्णरेषेत, प्रत्येकी एक-दोन फेरे, असं सगळे सैल करत जा. जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरलेली असते. थेट उचललात तर सॉकेटला कुलूप असूनही प्रोसेसर सोबत उपटून यायची भीती. हलकेच डावी-उजवीकडे पिळून सुटतो का पाहा.

पडद्याची केबल बोर्डावर चिकटपट्टीखाली असते. ती सोडवून, बिजागऱ्यांचे स्क्रू काढून पडदा वेगळा करा. शेवटचा स्क्रू निघताना पडदा एका हाताने धरलेला असू द्या. इथे घरातलं कुणीतरी मदतीला असेल तर बरं. आता उरतात तळाचं कव्हर, मॅग्नेशियमचा सांगाडा आणि बोर्ड. इथला क्रम मॅन्युअलमधल्या चित्रावरून पाहत करा. बोर्ड उचलताना एखादी कड येत नसेल तर कुठल्यातरी कोपऱ्यात केबल किंवा स्क्रू अडलेला आहे. बोर्ड वाकवायचा नाही.

प्रोसेसर आणि पेस्ट

प्रोसेसरच्या सॉकेटवर चपट्या खाचेचा एक स्क्रू आहे आणि बाजूला उघड्या-बंद कुलपाच्या खुणा. तो उघड्या खुणेकडे फिरवला की प्रोसेसर कसलाही जोर न लावता उचलता येतो. खाली ९८८ खाचांचं सॉकेट असतं, आणि प्रोसेसरच्या पोटाला केसासारख्या टाचण्या. कडांनीच धरा, पालथा टेबलावर ठेवू नका. नव्या बोर्डावर बसवताना कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने आत जातो. बोटाने दाबावा लागत असेल तर दिशा चुकलीय. मग कुलूप बंद.

जुनी पेस्ट अल्कोहोल आणि कापडाने प्रोसेसर व हीटसिंक दोन्हींवरून पूर्ण पुसा. पंख्याच्या पात्यांमागे, तांब्याच्या जाळीत, वर्षानुवर्षांच्या धुळीची चटई बसलेली असते. ती आताच चिमट्याने ओढून काढा. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चमकणाऱ्या चिपच्या मध्यावर. जास्त घातली म्हणून जास्त थंड होत नाही, नुसती बाजूला ओघळते. हीटसिंक ठेवून स्क्रू पुन्हा कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा.

बंद करण्याआधी चालू करून पाहा

सगळं मशीन जोडून, शेवटचा स्क्रू आवळून मग बटण दाबायचं आणि काहीच होऊ नये, हा अनुभव एकदा घेतला की पुन्हा कुणी घेत नाही. बोर्ड जागेवर बसवून प्रोसेसर, पंखा, रॅमची एक पट्टी, पडदा आणि नुसता वर टेकवलेला कीबोर्ड एवढंच जोडा. पॉवर बटण बोर्डाशी जोडलं गेलंय ना ते आवर्जून पाहा, ते राहिलं तर चांगला बोर्डही मेलेला वाटतो. मग चार्जर लावा आणि बटण दाबा.

पडद्यावर काहीतरी अक्षरं उमटली की अर्धं युद्ध जिंकलं, मग ती तक्रारीची का असेनात. तक्रार क्रमांक २७१ म्हणजे तारीख-वेळ चुकलीय, सेल काढल्यामुळे हे अपेक्षितच आहे, बायॉसमध्ये जाऊन दुरुस्त करा. 'फॅन एरर' म्हणजे पंख्याचा कनेक्टर नीट बसलेला नाही, लगेच बंद करा. १८०२ म्हणजे वायफाय कार्ड बायॉसच्या मंजूर यादीत नाही. थिंकपॅड वाटेल ते कार्ड स्वीकारत नाही, म्हणून जुनं मूळचंच कार्ड लावा. २२०० आणि २२०१ मात्र बोर्ड बदलणाऱ्यांनाच भेटतात. पहिल्याचा अर्थ मशीनचा प्रकार व सीरियल क्रमांक बोर्डात नोंदलेला नाही, दुसऱ्याचा अर्थ यूयूआयडी, म्हणजे मशीनचा एकमेव ओळख क्रमांक, नाही. हे क्रमांक कंपनीच्या देखभाल सॉफ्टवेअरने बोर्डात लिहिता येतात. दुसऱ्या मशीनमधून काढलेल्या बोर्डावर बहुधा त्या मशीनचा सीरियल आधीच असतो, त्यामुळे ही तक्रार येत नाही. पण मग बायॉसमधला क्रमांक आणि तळावरच्या स्टिकरवरचा क्रमांक जुळत नाहीत. पुढे मशीन विकणार असाल तर घेणाऱ्याला हे सांगा.

काहीच नाही झालं तर? रॅमची दुसरी पट्टी, दुसरी खाच, मग प्रत्येक कनेक्टर पुन्हा एकदा काढून बसवा. मोकळा राहिलेला एखादा स्क्रू बोर्डाखाली घरंगळलेला नाही ना, तेही पाहा.

बायॉस दिसला की चार्जर काढून उलट क्रमाने जोडत या. यात सांगण्यासारखं फारसं नाही, फोटो आणि इडलीपात्र आहेच. फक्त पडद्याची आणि अँटेनाची तार आपापल्या खोबणीतून गेली पाहिजे, नाहीतर झाकण बंद करताना चिमटते.

चालू झाल्यावरची उस्तवार

हार्ड डिस्क लावली आणि विंडोज निळा पडदा दाखवून परत परत सुरू होऊ लागलं, तर डिस्कला दोष देण्याआधी बायॉस पाहा. नव्या बोर्डाच्या सेटिंग्ज आधीच्या मालकाच्या असतात. साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) प्रकार एएचसीआय होता का, बूट (मशीन सुरू होणं) यूईएफआय या नव्या पद्धतीने होत होतं की लेगसी या जुन्या, हे जुन्यासारखं करून ठेवलं की बहुधा काम होतं. विंडोज सक्रिय नाही असं सांगेल, कारण बोर्ड बदलणं म्हणजे त्याच्या लेखी नवं मशीनच. परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेला असेल तर ट्रबलशूटमधून सोडवता येतं. तसंही विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ या मॉडेलवर अधिकृतपणे बसत नाही. मी या निमित्ताने लिनक्स टाकलं आणि सुखी आहे.

लॅनचा, म्हणजे केबलने जोडायच्या नेटवर्कचा, मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) बोर्डाबरोबर बदलतो. ऑफिसच्या किंवा केबलवाल्याच्या नेटवर्कने जुना पत्ता नोंदवून ठेवला असेल तर केबल लावूनही इंटरनेट येणार नाही, त्यांना नवा पत्ता कळवा. वायफायचा पत्ता कार्डावर असतो, तो तसाच राहतो.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी तासभर जड काम देऊन तापमान पाहा. लगेच नव्वदीच्या पुढे धावत असेल तर पेस्ट किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही, पुन्हा उघडावंच लागेल.

जुना बोर्ड फेकू नका. चिपपातळीवर काम करणारे कारागीर सुट्या भागांसाठी मेलेले बोर्डही घेतात. देण्याआधी सॉकेटमध्ये प्रोसेसर राहिलेला नाही ना, हे एकदा पाहा.